मोठ्या भांडवलाला महाग सल्ला कशाला?

कमी खर्चाचे इंडेक्स फंड आणि श्रीमंत गुंतवणूकदार यांचा रोखठोक हिशेब

आम्ही कापडवाले पैशाच्या बाबतीत चिकट म्हणून बदनाम आहोत. भिवंडीत ग्रे कापडाचा सौदा ठरवताना मीटरमागे दहा पैशांसाठी दोन वेळा चहा होतो. दलाल दलाली किती घेणार, वटाव किती कापणार, ट्रकचे भाडे कोण भरणार, हे सगळे आधी ठरते आणि मगच माल उचलला जातो. हाच व्यापारी धंद्यातून बाजूला काढलेले कोटभर रुपये शेअर बाजारात लावायला निघाला की मात्र वर्षाला दोन टक्के फी एका शब्दात कबूल करतो. इथेही भाव करता येतो, हे त्याच्या मनातसुद्धा येत नाही.

असे का होते आणि त्यात किती पैसा जातो, याचा विचार या लेखात करायचा आहे. ज्यांच्याकडे मोठ्या रकमा आहेत त्यांच्यासाठी हा विचार अधिक जरुरीचा आहे, कारण या एका बाबतीत सामान्य माणसापेक्षा श्रीमंतच जास्त किंमत मोजतो.

गादीवर आलेली फाईल

दोन वर्षांपूर्वी एका वित्तसंस्थेचा तरुण अधिकारी आमच्या गादीवर आला. हातात चकचकीत कागदांची जाड फाईल. माझा मुलगा शेजारी बसला होता. अधिकारी म्हणाला, "शेठ, ही योजना सर्वांसाठी नाही. पन्नास लाखांच्या आत आम्ही पैसे घेतच नाही." हे ऐकून मला बरे वाटले, हे कबूल करतो. आपण वेगळ्या रांगेत बसलो असे वाटले.

मी विचारले, "बेटा, तुमची मजुरी किती?"

"फक्त दोन टक्के, शेठ. आणि दहा टक्क्यांच्या वर नफा झाला तर त्या वरच्या नफ्यात वीस टक्के हिस्सा."

"दोन टक्के कशाचे? नफ्याचे की भांडवलाचे?"

"भांडवलाचे."

"आणि तोटा झाला तर?"

"दोन टक्के तरी लागतातच, शेठ."

त्या मुलाने काही लपवले नाही. विचारले तेवढे सरळ सांगितले. चूक माझी होती. एवढे ऐकूनही मी सही करायला पेन उचलले होते. मुलगा हळूच म्हणाला, "अब्बा, आज राहू द्या. रात्री घरी बसून बघू." त्या रात्री जुन्या रोजमेळाच्या मागच्या पानावर आम्ही जो हिशेब मांडला, तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

दोन टक्के म्हणजे किती?

दोन टक्के हा आकडा कानाला लहान वाटतो. एक कोटीवर दोन टक्के म्हणजे दोन लाख. त्या फीवर १८ टक्के जी.एस.टी. धरला की २ लाख ३६ हजार. म्हणजे महिन्याला जवळजवळ वीस हजार रुपये. आमच्या दुकानात माल दाखवणाऱ्या एका माणसाचा हा पगार झाला. फरक एवढाच की हा माणूस दुकानात येत नाही, दिसत नाही आणि बाजार पडला तरी त्याचा पगार चुकत नाही.

आता लांबचा हिशेब पाहा. समजा, शेअर बाजारात खर्च वजा करण्यापूर्वी वर्षाला सरासरी दहा टक्के वाढ झाली. ही केवळ हिशेबासाठी धरलेली संख्या आहे, बाजार अशी कोणतीही हमी देत नाही. एक कोटी रुपये २५ वर्षे ठेवले तर खर्चाशिवाय त्याचे सुमारे १० कोटी ८३ लाख होतात. वर्षाला ०.२ टक्के खर्च गेला तर सुमारे १० कोटी ३५ लाख उरतात. वर्षाला दोन टक्के गेले तर उरतात फक्त ६ कोटी ८५ लाख. नफ्यातला वीस टक्के हिस्सा आणि जी.एस.टी. यात धरलेलेच नाहीत.

म्हणजे साडेतीन कोटींचा फरक. भांडवल माझे, जोखीम माझी, पंचवीस वर्षांची सबुरी माझी, आणि एकूण नफ्यातला सुमारे चाळीस टक्के भाग फी घेणाऱ्याचा. असा भागीदार आम्ही धंद्यात कधी घेतला असता का?

दुसऱ्या रीतीने पाहा. दहा टक्क्यांच्या वाढीत दोन टक्के फी म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा. पण महागाई सहा टक्के धरली तर खरी वाढ चारच टक्के राहते. तिच्यातून दोन टक्के गेले म्हणजे खऱ्या नफ्याचा निम्मा भाग गेला. म्हणून फी नेहमी नफ्याशी ताडून पाहावी, भांडवलाशी नव्हे. व्यापाऱ्याला हे शिकवायची गरज नाही. पण फाईलमध्ये ते या रीतीने लिहिलेले नसते.

इंडेक्स फंड ही काय चीज आहे?

शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजे इंडेक्स, हा ठरावीक मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला आकडा असतो. आपल्याकडे मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स ३० कंपन्यांचा आहे आणि राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी ५० कंपन्यांचा. अमेरिकेत एस अँड पी ५०० हा निर्देशांक सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांचा आहे. इंडेक्स फंड काय करतो? निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात आहेत, त्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेऊन ठेवतो. कोणता शेअर चढेल, कोणता पडेल, याचा अंदाज तो बांधत नाही. त्यामुळे महागडे तज्ज्ञ लागत नाहीत, सारखी खरेदी-विक्री होत नाही आणि खर्च फार थोडा येतो.

सामान्य गुंतवणूकदारासाठी हा प्रकार अमेरिकेत जॉन बोगल यांनी सुरू केला. त्यांनी १९७४ साली व्हॅनगार्ड ही कंपनी स्थापन केली. तिची रचनाच अशी ठेवली की कंपनीची मालकी तिच्या फंडांकडे, म्हणजे शेवटी पैसे ठेवणाऱ्यांकडेच राहावी. १९७६ साली त्यांनी पहिला इंडेक्स फंड बाजारात आणला. १५ कोटी डॉलर जमवायचे होते, जमले १ कोटी १३ लाख. लोकांनी त्याला 'बोगलचा वेडेपणा' म्हटले. सरासरीवर समाधान मानणे अमेरिकन माणसाला शोभत नाही, अशीही टीका झाली. बोगल २०१९ साली वारले, तोवर त्यांची कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या फंड कंपन्यांपैकी एक झाली होती. तोच फंड आज दहा हजार डॉलरमागे वर्षाला चार डॉलरच्या आसपास खर्च घेतो.

सरासरी मिळवून फायदा कसा?

माझ्या मुलाने हाच प्रश्न विचारला. "अब्बा, सरासरीच घ्यायची तर मग हुशारी कशाला?" याचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ साली एका छोट्या लेखात दिले आहे. शार्प यांना आदल्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत असा.

बाजारातले सगळे शेअर कोणा ना कोणाच्या हातात असतातच. सर्वांचा मिळून जो नफा, तोच बाजाराचा नफा. त्यातला काही माल इंडेक्स फंडांकडे आहे, त्यांना बाजाराइतकाच नफा मिळतो. मग उरलेला माल ज्या हुशार लोकांकडे आहे, त्यांनाही सर्वांना मिळून बाजाराइतकाच नफा मिळणार. त्यांच्यातल्या एकाने सरासरीपेक्षा जास्त कमावले, तर दुसऱ्या कोणीतरी तेवढेच कमी कमावलेले असते. हे झाले खर्चाच्या आधीचे. आता खर्च वजा करा. इंडेक्सवाल्यांचा खर्च पैशांत, हुशार लोकांचा रुपयांत. म्हणजे हुशार लोकांच्या गटाला सरासरीने मागे पडल्यावाचून गत्यंतर नाही. यात कोणाच्या अकलेचा किंवा नियतीचा प्रश्न नाही, ही नुसती वजाबाकी आहे.

प्रत्यक्षातही तसेच दिसते. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांचे शेअर निवडणाऱ्या फंडांची एस अँड पी ५०० शी तुलना दरवर्षी प्रसिद्ध होते. पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीत दहापैकी सुमारे नऊ फंड निर्देशांकाच्या मागे राहिलेले दिसतात. एखादा फंड पुढे राहतोच. पण तो कोणता, हे आधी ओळखणे कठीण. मागच्या पाच वर्षांचा पहिला नंबर पुढच्या पाच वर्षांतही पहिला राहील, याची शाश्वती नसते.

दहा वर्षांची पैज

पुस्तकी गोष्ट बाजूला ठेवू. बर्कशायर हॅथवे ही कंपनी दशकानुदशके चालवणारे वॉरन बफे यांनी ही गोष्ट पैजेवर लावून दाखवली. पैजेची मुदत होती १ जानेवारी २००८ ते ३१ डिसेंबर २०१७. बफे यांची बाजू व्हॅनगार्डच्या एस अँड पी ५०० इंडेक्स फंडाची. समोर प्रोटेजे पार्टनर्स ही गुंतवणूक संस्था. तिच्या टेड साईडस् यांनी पाच असे फंड निवडले, जे स्वतः शंभराहून अधिक हेज फंडांत पैसे लावत होते.

हेज फंड म्हणजे श्रीमंतांचा आणि मोठ्या संस्थांचा पैसा सांभाळणारे खास फंड. त्यांचा जुना दस्तूर म्हणजे भांडवलावर दोन टक्के आणि नफ्यात वीस टक्के. त्यांच्या वर बसलेला निवड करणारा फंड आपली वेगळी फी घेतो. म्हणजे दलालावर दलाल.

पहिल्याच वर्षी जगभरचे बाजार कोसळले. २००८ मध्ये इंडेक्स फंड ३७ टक्के पडला. समोरचे पाचही फंड त्यापेक्षा कमी पडले, कोणी साडेसोळा टक्के, कोणी तीस. त्या दिवशी पैज पाहणाऱ्याने बफे हरले असेच म्हटले असते. पण खर्चाचा काटा रोज चालू होता. दहा वर्षांनी इंडेक्स फंडात १२५.८ टक्के वाढ झाली, म्हणजे शंभराचे जवळजवळ २२६. पाच फंडांतला सर्वांत चांगला ८७.७ टक्क्यांवर थांबला. बाकीचे ४२.३, २७.० आणि २१.७. शेवटचा २.८ टक्क्यांवर होता आणि तो २०१७ मध्ये बंदच करावा लागला. पाचांची सरासरी काढली तर दहा वर्षांत ३६ टक्के.

बफे यांनी आपल्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात एक गोष्ट स्पष्ट केली. हे फंड चालवणारे लोक इमानदार आणि बुद्धिमान असतील याविषयी त्यांना शंका नव्हती. पण त्यांच्या अंदाजाने पाचही फंडांनी जो नफा कमावला, त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास भाग दोन पायऱ्यांवरच्या फीमध्येच गेला. पैजेची रक्कम २२ लाख डॉलरपेक्षा जास्त झाली आणि ती ओमाहा शहरातील मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेला मिळाली.

श्रीमंतांना हे का पटत नाही?

याच बफे यांनी २०१६ सालच्या वार्षिक पत्रात एक अनुभव सांगितला आहे. सल्ला विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कमी खर्चाचा इंडेक्स फंड घ्या म्हणून सांगत. बेताची मिळकत असलेल्या ओळखीच्या लोकांनी ते बहुधा ऐकले. पण अतिश्रीमंत व्यक्ती, मोठ्या संस्था आणि पेन्शन निधी यांच्यापैकी कोणी ऐकले नाही. ते आभार मानून निघून गेले आणि महागड्या व्यवस्थापकाकडे पोचले. या शोधापायी अशा लोकांनी दहा वर्षांत मिळून शंभर अब्ज डॉलरहून जास्त पैसा वाया घालवला, असा त्यांचा अंदाज होता.

याचे कारण त्यांनी दिले ते आमच्या गादीवरही लागू पडते. श्रीमंत माणसाला आयुष्यभर एक सवय लागलेली असते. डॉक्टर उत्तम, शाळा उत्तम, गाडी उत्तम. जास्त पैसे मोजले की जास्त चांगली चीज मिळते. कापडात तर हे खरेच आहे. चाळीस रुपये मीटरचे आणि चारशे रुपये मीटरचे कापड बोटांनी चोळले की फरक कळतो. पण शेअर बाजारात तुमचा व्यवस्थापक आणि माझा व्यवस्थापक एकाच मंडीत एकाच भावाने तोच माल घेतात. तिथे जास्त किंमत दिल्याने माल सुधारत नाही, फक्त पडतळ वाढते. जी चीज पाचशे रुपये महिना भरणारा कारकून घेतो, तीच कोट्यधीशाने घ्यावी, हे मनाला लागते. माझेही तसेच झाले होते. "पन्नास लाखांच्या आत घेत नाही" या शब्दांनीच मी अर्धा विकला गेलो होतो.

दुसरे कारण सल्लागाराच्या पोटाचे आहे. "इंडेक्स फंड घ्या आणि वीस वर्षे हात लावू नका" हा सल्ला एकदाच विकता येतो. दरवर्षी तोच सल्ला दिला तर दरवर्षी फी कशी मागणार? म्हणून दर सहा महिन्यांनी नवी योजना, नवा देश, नवे क्षेत्र निघते.

उलट बाजूने एक मुद्दा मांडला जातो, तोही तपासू. येल विद्यापीठाचा निधी डेव्हिड स्वेन्सन यांनी १९८५ ते २०२१ पर्यंत निवडक व्यवस्थापकांच्या हाती देऊन फार उत्तम चालवला. जिम सायमन्स यांच्या मेडेलियन फंडाने प्रचंड फी घेऊनही प्रचंड नफा दिला. ही उदाहरणे खरी आहेत. पण स्वेन्सन यांनीच २००५ साली पुस्तक लिहून सामान्य आणि सधन अशा दोन्ही व्यक्तींना इंडेक्स फंडाची शिफारस केली, कारण त्यांच्यासारखी रात्रंदिवस काम करणारी फौज एका घराला ठेवता येत नाही. आणि मेडेलियनने १९९३ मध्येच नव्या लोकांसाठी दार बंद केले, पुढे बाहेरच्यांचे पैसे परतही केले. खरोखर सोन्याची खाण ज्याच्याकडे आहे तो फाईल घेऊन दुसऱ्याच्या दुकानात जात नाही.

आपल्या देशातील परिस्थिती

भारतात पहिला ई.टी.एफ., म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत घेता येणारा इंडेक्स फंड, डिसेंबर २००१ मध्ये निफ्टी बीज या नावाने आला. आज जवळजवळ प्रत्येक म्युच्युअल फंड कंपनीकडे निफ्टी किंवा सेन्सेक्सचा फंड आहे. १ जानेवारी २०१३ पासून दलालाशिवाय थेट घेण्याची 'डायरेक्ट' योजना सुरू झाली. निफ्टी फंडांच्या डायरेक्ट योजनांचा वार्षिक खर्च साधारण ०.१ ते ०.३ टक्के असतो. एक कोटीवर ०.२ टक्के धरले तर वर्षाला वीस हजार. म्हणजे त्या तरुण अधिकाऱ्याची एका महिन्याची मजुरी इथे वर्षभर पुरते.

श्रीमंतांसाठी आपल्याकडे मुख्यतः दोन खास दारे आहेत. एक पी.एम.एस., म्हणजे पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवा. सेबीने २०२० च्या नियमांत तिची किमान रक्कम २५ लाखांवरून ५० लाख केली. दुसरे ए.आय.एफ., पर्यायी गुंतवणूक निधी, जिथे सर्वसाधारणपणे किमान एक कोटी लागतात. सेबीने या मर्यादा ठेवल्या त्या जोखीम पेलण्याची ताकद असलेल्यांनीच यात यावे म्हणून. विक्रेत्यांनी त्याच मर्यादेला इज्जतीचे बिल्ले बनवले.

पी.एम.एस.मध्ये कराचाही एक पेच आहे. तिथे शेअर तुमच्याच नावाने डिमॅट खात्यात असतात. व्यवस्थापक जेव्हा जेव्हा नफ्यात विकतो, तेव्हा तेव्हा कर तुम्हाला लागतो. २३ जुलै २०२४ पासून शेअरवर वर्षाच्या आतल्या नफ्याला २० टक्के आणि वर्षापुढच्या नफ्याला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के असा दर आला. म्युच्युअल फंडाच्या पोटात होणाऱ्या खरेदी-विक्रीवर तुम्हाला कर नाही, तुम्ही स्वतः युनिट विकाल तेव्हाच लागतो. ज्याचे उत्पन्न मोठे, त्याला हा फरक मोठा.

आणखी एक गोष्ट मला विचार करायला लावते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून नव्या जमा रकमेचा काही भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ई.टी.एफ.मध्ये घालू लागली. म्हणजे ज्याच्या पगारातून पी.एफ. कापला जातो त्या गिरणी-कारखान्यातल्या कामगाराचा पैसा अगदी थोड्या खर्चात बाजारात जातो, आणि त्याच कारखान्याचा मालक आपल्या पैशावर दहा-वीस पट खर्च देतो. हिशेबात कोण हुशार ठरले?

व्याजाचा प्रश्न

या पानाचे बरेच वाचक लगेच विचारतील की निफ्टीत तर बँका आहेत. बरोबर आहे. बँका आणि वित्तसंस्था यांचा निफ्टीत सुमारे एक तृतीयांश वाटा आहे. ज्यांना व्याजाच्या धंद्यातून दूर राहायचे आहे, त्यांना सरळ निफ्टी फंड चालणार नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराने २००८ साली निफ्टीचा शरीयत निर्देशांक काढला. त्यातून बँका, दारू इत्यादी धंदे आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त कर्ज असलेल्या कंपन्या गाळल्या जातात. २००९ साली त्यावर शरीया बीज हा ई.टी.एफ. आला, तो आज निप्पॉन इंडियाकडे आहे. टाटा एथिकल फंड हा या चाळणीतला जुना फंड आहे, पण त्यात शेअरची निवड माणूस करतो, तो इंडेक्स फंड नव्हे. त्यामुळे त्याचा खर्च वेगळा पाहावा.

चाळणी लावली की कंपन्या कमी होतात आणि चाल मूळ निर्देशांकापेक्षा वेगळी पडते, कधी पुढे तर कधी मागे. लहान ई.टी.एफ. घेताना त्या दिवशी किती व्यवहार होतो आणि बाजारभाव त्याच्या मूळ किमतीच्या जवळ आहे का, हे पाहून घ्यावे. मसल्याविषयी शंका असल्यास जाणकार आलिमांना विचारावे. मी कापडवाला आहे, तो माझा प्रांत नाही.

हा जादूचा दिवा नव्हे

इंडेक्स फंड घेतला म्हणजे तोटा होत नाही, असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. २००८ या एका वर्षात निफ्टी निम्म्याहून जास्त घसरला. २०२० च्या जानेवारी ते मार्च या दोन-सव्वादोन महिन्यांत तो सुमारे ३८ टक्के पडला. जपानचा निक्केई १९८९ च्या डिसेंबरात ज्या उंचीवर होता, तिथे परत यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षे! म्हणून सगळा पैसा एका देशाच्या एका निर्देशांकात घालणेही शहाणपणाचे नाही. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० मध्येही अलीकडे पहिल्या दहा कंपन्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

मग फायदा काय? बाजार पडतो तेव्हा महाग फंडही पडतो आणि वर फीही घेतो. बाजाराची चाल आपल्या हाती नाही, खर्च आपल्या हाती आहे. जे हाती आहे तेवढे तरी सोडू नये.

मोठ्या रकमेची मांडणी

१. धंद्याचे खेळते भांडवल यात आणू नये. सुताचे पैसे, कारागिरांची मजुरी, जी.एस.टी. यांसाठी लागणारी रक्कम वेगळी.

२. पाच-सात वर्षांत लागणारा पैसा, जसे मुलीचे लग्न, घर, हज, हाही शेअर बाजारात नको.

३. उरलेल्या शेअरच्या रकमेचा मोठा भाग, माझ्या मते पाऊण किंवा जास्त, कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात ठेवावा. बफे यांनी पत्नीसाठी ठेवायच्या रकमेबद्दल २०१३ सालच्या पत्रात विश्वस्तांना सांगितले ते असेच होते. नव्वद टक्के एस अँड पी ५०० च्या फंडात आणि दहा टक्के अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांत.

४. हौस असेल तर उरलेल्या लहान भागात पी.एम.एस., निवडक शेअर, जे हवे ते करावे. पण त्याची निर्देशांकाशी दरवर्षी तुलना करून वहीत लिहावी. तुलना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी करावी, सेबीने फंडांना फेब्रुवारी २०१८ पासून तेच बंधनकारक केले.

५. रक्कम मोठी असेल तर एकदम न घालता वर्षभरात हप्त्यांनी घालावी. हिशेबाने एकदम घालणे बऱ्याचदा जास्त फायद्याचे ठरते. पण घातल्याच्या दुसऱ्या महिन्यात बाजार पडला की माणूस घाबरून विकतो. ते नुकसान मोठे.

६. सल्लागार नकोच असे नाही. वारसा, मृत्युपत्र, कर यांसाठी आणि मंदीत आपला हात धरण्यासाठी जाणता माणूस हवा. त्याला कामाची ठरावीक फी द्यावी, भांडवलाचा हिस्सा नको. तो सेबीकडे नोंदणी झालेला आहे ना, हे पाहावे.

फाईल घेऊन कोणी आला तर त्याला तीन गोष्टी लेखी मागाव्यात. सर्व फी आणि कर वजा जाता मागील दहा वर्षांत ग्राहकाच्या हाती काय पडले? त्याच काळात निर्देशांकाने लाभांशासह काय दिले? आणि तुमचे स्वतःचे पैसे यात किती आहेत?

तो तरुण अधिकारी आठवड्याने परत आला, तेव्हा मी हेच तीन प्रश्न विचारले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ऑफिसातून मागवून देतो म्हणाला. तिसऱ्यावर हसला आणि म्हणाला, "शेठ, माझा पगार केवढा! मी तर महिन्याला तीन हजार इंडेक्स फंडात टाकतो."

मी त्याला चहा पाजला. सही केली नाही.